आढीत पिकू घातलेलं झाड

फूल ही कॅम्पातल्या बंगल्यांची मालमत्ता नाही. हे वाक्य मी गुलाबी कागदाच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही. पण त्या एका वाक्यापायी मला एका काटेरी झाडाची उन्हाळाभर चाकरी करावी लागली. तो उन्हाळा आठवला की अजून हसू आवरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी अमरावतीला कॉलेजात होते आणि कॉलेजापेक्षा जास्त वेळ आमच्या युवक मंडळात काढत होते. मंडळ म्हणजे आम्ही पाच-सात जणं, एक उसनी सायकल आणि उधारीवर छापून देणारा एक सज्जन छापखानेवाला. नळाचं पाणी, रॉकेल, अंगारे-धुपारे, कशावरही आम्ही पत्रक काढत असू. त्या वर्षी माझी नजर फुलझाडांच्या प्रदर्शनावर गेली.

हे प्रदर्शन दर स्वातंत्र्यदिनाला भरायचं. त्यात झाड मांडायचं तर घराला बाग हवी, असा नियम; म्हणजे कॅम्पात, साहेबलोकांच्या वस्तीत, बंगला हवा. आमच्या गल्लीत एकाही घराला बाग नव्हती. झाडं मात्र प्रत्येकीकडे होती. डालड्याच्या डब्यांत तेरडा, गळक्या बादलीत गुलबास, फुटक्या रांजणात जाई. या बायकांनी प्रदर्शनाला जायचं, दोरीच्या अलीकडून दुसऱ्यांची फुलं पाहायची आणि 'किती छान' म्हणत घरी यायचं. का म्हणून? जिनं तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तेरडा फुलवला तिला टेबल नाही, आणि ज्या साहेबाला स्वतःच्या माळ्याचं नाव ठाऊक नाही त्याला चांदीचा कप? स्वातंत्र्य नेमकं कुणाला मिळालं, असा सवाल मी पत्रकाच्या शेवटी टाकला आणि ते पत्रक प्रदर्शनाच्या समितीच्या बैठकीत जाऊन टेबलावर ठेवलं.

समितीचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त इंजिनियर. मूळचे पुण्याकडचे, बोलणं तुपात तळलेलं. त्यांनी चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं.

"शुद्धलेखन उत्तम आहे," ते म्हणाले. "आता असं करू. फुलांचं भांडण फुलानंच मिटवू. घरात, सावलीत ठेवायच्या शोभेच्या झाडांचा एक विभाग आमच्याकडे आहे. झाडं येतात, पण फूल एकालाही नसतं, त्यामुळे बक्षीस पडून राहतं. तुमच्या गल्लीच्या मालकीचं असं एक झाड फुललेलं आणा. आणलंत, तर बागेची अट रद्द आणि गल्लीला दरवर्षी एक टेबल. नाही आणलंत, तर पत्रकं बंद."

समितीतली मंडळी मिशांत हसली. मी तिथल्या तिथे 'मान्य' म्हणून टाकलं आणि तरातरा निघून आले.

गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या काकू उभ्या होत्या. फुटक्या रांजणातली जाई त्यांची. त्यांना मी सगळं सांगितलं.

"तसं झाड हाये का आपल्याकडं?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मंग कशाच्या भरवशावर हो म्हणून आली वं?"

"तत्त्वाच्या."

"तत्त्वाले कळ्या येतात का?"

तत्त्वाला कळ्या येत नव्हत्या, हे खरं. पण अकोल्याला माझी आत्या होती आणि आत्याकडे झाड होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा वारला, तेव्हा सासर-माहेर दोन्हीकडच्यांना न जुमानता ती नर्सिंग शिकली. अकोल्याच्या एका दवाखान्यात नोकरी करून ती एकटी, ताठ मानेनं राहत होती. तिच्या जुन्या मेट्रननं देश सोडून जाताना ते झाड तिला दिलं होतं. जाड, करवती कडांची पानं, त्यांवर राख फासल्यासारखे चंदेरी पट्टे. सगळी पानं बुडाशी एकमेकांना बिलगून मधोमध एक पेला झालेला, आणि त्या पेल्यात कायम पाणी ठेवायचं. अननसाच्या कुळातलं आहे, पण अननस येत नाही, फूल येतं, असं मेट्रन सांगून गेली होती. फूल कधी येतं ते सांगायची राहून गेली. आत्या इतकी वर्षं दर रविवारी ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसत होती आणि झाड तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं.

"न्यायचं तं ने," आत्या म्हणाली. "पण सांगून ठेवतो, लय हट्टी झाड हाये. तुह्या बापासारखं. समोर बसून इनवण्या केल्या तरी तोंड उघडत नाई."

"मी उघडायला लावीन."

"लावजो. पण जसं चाललं तसं वापस पाह्यजे मले. एक पान मोडलं तं तुह्या मायले इचारीन, तुले नाई."

हे वाक्य तिनं मुद्दाम वापरलं. नणदेची वस्तू आपल्या घरात आहे म्हटलं की माझ्या आईची झोप उडायची.

गाडीत कुंडी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईला काटा लागला. तिनं आधी मला, मग झाडाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "याची भाजी करते का?" भाजी होत नाही, फळ येत नाही, औषधालाही चालत नाही, हे ऐकल्यावर ती फार हळहळली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतून सुरईत पाणी भरून घेतलं आणि त्यातलं थोडं झाडाच्या पेल्यात ओतलं. "असू दे बिचारं," म्हणाली. बडनेऱ्याला मी उतरेपर्यंत आख्ख्या डब्याला चिटणिसांचा अन्याय तोंडपाठ झाला होता. दोन म्हाताऱ्यांनी त्यांना शिव्याही दिल्या.

मग सुरू झाली झाडाला फुलवण्याची मोहीम. बागकामावरची एक पुस्तिका मी मिळवली. कोवळं ऊन द्यावं, असं तिच्यात होतं. त्याप्रमाणे सकाळी कुंडी ओसरीवर, ऊन तापलं की माजघरात, संध्याकाळी पुन्हा ओसरीवर. मिरवणूकच ती. कुजलेलं शेणखत घातलं. चहाचा चोथा घातला. काकूंनी ताक घालायला सांगितलं, तेही घातलं, आणि मांजर येऊन बसायला लागलं. शेवटी काकू मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या, तेव्हा मात्र मी दारात आडवी झाले.

"काकू, मी अंगाऱ्या-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटते. माझ्याच घरात दृष्ट?"

"तुह्या घराची नाई काढून राह्यली, झाडाची काढून राह्यली. झाड कुठं सभासद हाये तुमच्या मंडळाचं?"

एप्रिल सरला. वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पानांची टोकं करपली. पेल्यातलं पाणी सकाळी भरलं की दुपारी आटायचं. फुलाचा पत्ता नाही. गल्लीतल्या बायका येता-जाता ओसरीपाशी थांबायच्या, पेल्यात वाकून पाहायच्या, आणि निघून जायच्या. ते वाकून पाहणं मला पत्रकबंदीपेक्षा जास्त लागायचं. या बायकांना मी टेबल कबूल करून बसले होते.

अशात मूर्तिजापूरला आमच्या मंडळाची सभा होती. कुंडी आईच्या हवाली करून मी गेले. परत आले तर ओसरीवर कुंडी नाही. माजघरात नाही. न्हाणीत नाही.

"आई, झाड कुठं आहे?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पिकू घातलं."

माझ्या मामाच्या शेतातून दरवर्षी गाडीभर गावरान कैऱ्या यायच्या. मागच्या अंधाऱ्या खोलीत आई त्यांची आढी घालायची. खाली वाळलेलं गवत, त्यावर कैऱ्यांचा थर, पुन्हा गवत, पुन्हा कैऱ्या, आणि वरून गोणपाट. मी धावत जाऊन खोलीचं दार उघडलं. ढिगाच्या मधोमध, गळ्यापर्यंत गवतात रुतलेलं माझं झाड. पानांच्या बेचक्यांत कैऱ्या रचलेल्या. डोक्यावर गोणपाटाचा पदर.

"आई, हे काय केलंस?"

"तूच सांगतलं ना का अननसाच्या जातीचं हाये? म्हंजे फळाचीच जात. फळाची जात उन्हात नाई पिकली तं आढीत पिकते."

"पण फळ पिकू घालतात. झाड नाही."

"झाड कच्चं हाये म्हून तं फूल येऊन नाई राह्यलं. चांगली दमट ऊब लागू दे त्याले."

"उजेडाशिवाय झाड मरतं."

"आंबा मरते का?"

मी गोणपाटाला हात घातला, तर आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती सहसा सूप खाली ठेवत नाही. आढी मधेच उघडायची नसते, हा आमच्याकडचा कायदा. उघडली की ऊब जाते, आंबे सुरकुततात आणि आंबट राहतात. वास घरभर सुटला की मगच हात लावायचा. त्या ढिगातले आंबे अर्ध्या गल्लीत वाटले जायचे. आता झाड वाचवायचं तर गल्लीचे आंबे नासवायचे, आणि आंबे राखायचे तर गल्लीचं टेबल घालवायचं. मी दोन्ही बाजूंनी गल्लीचीच गुन्हेगार. रागानं मी ओसरीवर जाऊन बसले आणि 'स्वयंपाकघरातील हुकूमशाही' या विषयावर पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला. आईनं त्याच कागदावर मला भजी आणून दिली.

वास सुटला तेव्हा आढी उघडली. आंबे शेंदरी झाले होते. झाड जिवंत होतं, हिरवं होतं, अंगाखांद्यावर मुंग्या होत्या, आणि त्याला आंब्याचा असा घमघमाट येत होता की काकूंनी पान हुंगून पाहिलं. "पिकलं का नाई सांगता येत नाई," त्या म्हणाल्या, "पण आंघोळ घाला त्याले." घातली. पुन्हा ओसरीवर ठेवलं. मी त्याच्याशी बोलणं सोडून दिलं होतं.

आखाड लागला. एका सकाळी पेल्यातलं शिळं पाणी ओतून टाकायला कुंडी तिरकी केली आणि तळाशी काहीतरी गुलाबी दिसलं. वाटलं, कुणी कागद टाकला, माझ्याच पत्रकाचा तुकडा. बोट घातलं. कागद नव्हता. टणक, टोकदार, रोवून बसलेलं काहीतरी होतं ते.

मी ओरडले नाही. मी नुसती गल्लीभर धावले. एकेका दारात थांबून "गुलाबी" एवढंच म्हणत होते आणि पुढच्या दाराकडे पळत होते. कुणाला वाटलं, आमच्या घरी कुणाला तरी गोवर निघाला. थोड्या वेळात आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आई मात्र चुलीपुढून उठली नाही. "मी तं सांगतलंच होतं," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी तिच्या भाकरीसुद्धा ऐटीत फुगल्या.

पुढे जे झालं त्याला मी तयार नव्हते. गल्लीला आढीचं वेड लागलं. काकूंनी न फुलणारं जास्वंद टोपल्यात गवत घालून झाकून ठेवलं. एकीनं वेळेवर न फुगणारं इडलीचं पीठ आमच्या अंधाऱ्या खोलीत आणून ठेवलं. एकीचा दीर मॅट्रिकला पुन्हा नापास झाला होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती आईला म्हणाली, "यालेबी घाला जी गवतात, वरून गोणपाट मी देतो." आणि एका सकाळी पाहते तो कुंडीला हळद-कुंकू. अंधश्रद्धेविरुद्ध गावभर ओरडणारी मी, आणि जिल्ह्यातली सगळ्यात ताजी अंधश्रद्धा माझ्याच घरी जन्मली होती.

मी तडक अकोल्याची गाडी धरली. तिथल्या शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे गेले आणि आरोपी हजर करावा तशी सगळी हकिगत मांडली. ते इतके हसले की त्यांच्या पत्नी आतून पाणी घेऊन आल्या.

"बाई, तुमच्या आईंची चूक झाली, पण काम चोख झालं," ते म्हणाले. "झाड काही पिकत-बिकत नाही. पण पिकणाऱ्या फळांतून एक वायू सुटतो. अननसाच्या कुळातल्या, वयात आलेल्या झाडाला तो लागला की ते फुलावर येतं. अननसाचे मळेवाले यासाठी धूर करतात. धुरातही तो असतो."

"म्हणजे चमत्कार नाही?"

"अजिबात नाही. जास्वंदाला मात्र याचा उपयोग नाही, उलट कळ्या गळतील. आणि मॅट्रिकच्या मुलाला तर नाहीच नाही."

तिथून नाचत आत्याकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग झाडाच्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाली, "मी इतके साल त्याचं तोंड पुसत बसली, अन् वयनीनं त्याले आंब्यांत बुडवलं." पुढे म्हणाली, "मी येतो पंधरा तारखेले. माह्या डोळ्यांनी पाह्यजे मले."

घरी येऊन मी पत्रक काढलं: 'आढी हा चमत्कार नव्हे, वायू आहे.' गल्लीत घरोघर वाटलं. काकूंनी लेकीकडून ते वाचून घेतलं आणि मला थांबवून म्हणाल्या, "बरं केलं छापलं. आमी तरी काय म्हणतो? आढीत काहीतरी असते, तेच तं." हळद-कुंकू थांबलं नाही. पण जास्वंद त्यांनी टोपल्यातून बाहेर काढलं, एवढा विजय मी पदरात पाडून घेतला.

प्रदर्शनाच्या सकाळी सायकलरिक्षात कुंडी मांडीवर घेऊन आई बसली, तिच्या डोक्यावर छत्री धरून मी, आणि मागून चिखल तुडवत गल्ली. फूल तोवर पेल्यातून हातभर वर आलं होतं. गुलाबी, टोकदार पाकळ्यांसारख्या पानांचा एक तुराच तो, आणि त्याच्या फटीफटीतून बारकी निळी फुलं डोकावत होती. त्या विभागाच्या टेबलावर नुसत्या पानांच्या आठ-दहा कुंड्या उभ्या होत्या. त्यांत आमची ठेवली आणि बाकीच्या एकदम भाजीपाल्यासारख्या दिसायला लागल्या.

चिटणीस आले. चष्मा लावला. फार वेळ वाकून पाहिलं. मग सरळ होऊन मला म्हणाले, "मी आयुष्यात असं फूल पाहिलं नव्हतं. हरलो."

इथंच थांबतं तर बरं होतं. पण आत्या पहाटेच्या गाडीनं आली होती, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात, आणि मंडपात शिरल्यापासून दिसेल त्याला सांगत होती, "माह्यं झाड हाये ते. अकोल्याचं. इतके साल मी सांभाळलं." ते समितीच्या एका सभासदानं ऐकलं आणि चिटणिसांच्या कानात सांगितलं.

चिटणिसांचा चेहरा पडला. खरंच पडला, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. "ताई," ते म्हणाले, "गल्लीच्या मालकीचं, असं ठरलं होतं. मी स्वतःच बोललो होतो. अकोल्याचं झाड मी कसं धरू?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून घोषणा निघाली नाही. मागे गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. काकूंनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या पिशवीत त्यांनी तेरड्याचा एक डबा आणला होता, टेबल मिळालं तर लगेच मांडायला. तो त्यांनी पिशवीतच खाली दाबला.

आत्यानं तो डबा पाहिला. मग झाडाकडे पाहिलं, नीट, जसं दवाखान्यातून घरी जाणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं. आणि आईला म्हणाली, "वयनी, पदर पसर."

"काहून?"

"ओटी भरतो तुही."

मंडपात कुजबुज झाली. विधवा बाईनं ओटी भरायची नसते, असा आपला धर्म म्हणे. या विषयावर माझी पत्रकं होती, एकाचा मथळा तर मला फार आवडायचा. पण पत्रक काढणं निराळं आणि आत्यानं भर मंडपात दोन्ही हातांनी कुंडी उचलणं निराळं.

"अवं बाई, इधवेनं ओटी?" काकू पुटपुटल्या.

"काट्याची ओटी हाये," आत्या म्हणाली. "सवाशिणीनं भरली तरी टोचनच."

आईनं पदर पसरला. नणंद सांगते म्हटल्यावर ती विस्तवही पदरात घेईल. आत्यानं कुंडी त्यात ठेवली, आणि ते वजन, तो चिखल, ते काटे सांभाळताना आईचं लुगडं टर्रकन फाटलं. दोघीही कुंडीला दोन बाजूंनी धरून उभ्या, आणि दोघींनाही हसू फुटलेलं.

"घ्या," आत्या चिटणिसांना म्हणाली. "ओटीतली वस्तू वापस घेत नाईत. पुण्यातबी नसतील घेत. आता सांगा कोणाचं हाये."

चिटणीस पुण्याचे, पण ते त्या क्षणी कुणाच्याही घरचे असते तरी त्यांना दुसरं उत्तर नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, शेजारच्या रिकाम्या टेबलावरच्या कोऱ्या पाटीवर आमच्या गल्लीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि दोरी सोडायला माणसाला खूण केली. दोरी पूर्ण सुटायच्या आत काकूंचा तेरडा टेबलावर होता.

आत्या अजून कुंडीपाशीच होती. तिनं खालची पानं अलगद दूर केली. बुडाशी अंगठ्याएवढं एक पिल्लू फुटलं होतं, हुबेहूब मूळ झाडासारखं, पट्ट्यापट्ट्यांचं. "हे मोठं झालं का मले धाडजा," ती आईला म्हणाली. "अन् एक कैऱ्यांचं टोपलंबी."

आईनं मान हलवली. मग फाटका पदर दोन्ही हातांत धरून ती चिटणिसांकडे वळली. "साहेब, टेबल तं दिलं," ती म्हणाली, "पण आता घरी मी कशी जाऊ ते सांगा."

चिटणिसांनी प्रदर्शनाच्या टेबलावरची एक पांढरी चादर काढून दिली. ती लपेटून आई सायकलरिक्षात बसली, आणि आम्ही सगळ्या हसत चालत निघालो.